डॉक्टर कानडीत काय म्हणाले

नंदू आणि शरयू, तुम्हा दोघांना आजीचे आशीर्वाद.

तुमच्या आईने नैरोबीहून कळवलं आहे की आजी सारखी दवाखान्यात का जाते, असं तुम्ही विचारत असता आणि ‘आजीचं पोट नाजूक आहे’ असं उत्तर ती तुम्हाला देते. माझं पोट नाजूक नाही. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी आतड्याचा तेवढा भाग कापून काढला, मी बरी झाले, आणि तो परत आला आहे का हे पाहायला मी वरचेवर जाते. नंदू आता चौदा वर्षांचा आहे, शरयू त्याच्या मागोमाग. एवढं वाक्य वाचून तुम्ही बेशुद्ध पडणार नाही असा माझा अंदाज आहे.

आमच्या घरात आजार सांगण्याची पद्धत नाही, लपवण्याची आहे. माझे वडील गेले तेव्हा ‘पोटाने गेले’ एवढंच मला सांगितलं गेलं. त्यांना काय झालं होतं याचा मला आता दाट संशय आहे, पण विचारायला कोणी उरलेलं नाही. तुम्हाला मोठेपणी असं अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते.

मूळव्याध नव्हती

शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. बाईमाणसाने ही गोष्ट सांगायची तरी कोणाला? शेवटी तुमच्या आजोबांना सांगितली. त्यांनी वैद्यांना सांगितली. वैद्यांनी मला न पाहताच मूळव्याध ठरवली आणि पुड्या पाठवल्या. पुड्या घेऊन मी वर्षभर वाळत गेले. पोटात कळा यायच्या, कधी चार-चार दिवस काही नाही, कधी नुसतंच पाणी. आपलं कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात गेलं, तेच ते वर्ष. गावात सगळे त्याबद्दल बोलत होते, मी मात्र कोणत्या घरात संडास जवळ आहे हे पाहून मगच हळदीकुंकवाला जात होते.

तुम्हाला कधी रक्त दिसलं तर त्याला आपल्या मनाने नाव देऊ नका. डॉक्टरला बोट घालून तपासू द्या. लाज वाटते, पण ती पाच मिनिटांची असते.

शेवटी तुमच्या मधूमामाने हट्ट धरला आणि आम्ही शाहूपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर धारवाडकडचे होते. गोरे, उंच, हात धुताना कोपरापर्यंत साबण लावणारे. त्यांनी मला पडद्याआड झोपवून तपासलं. मग पडद्याबाहेर जाऊन हात धुता धुता ते तुमच्या आजोबांशी इंग्रजीत बोलू लागले. म्हणाले, गाठ लागते आहे, ती चांगली वाटत नाही, ऑपरेशन करावं लागेल आणि बाईंना यातलं काही सांगायची गरज नाही.

मी नऊवारी नेसलेली, कपाळावर आडवं कुंकू आणि दवाखान्यात शिरल्यापासून सगळं बोलणं तुमच्या आजोबांनीच केलेलं. मुलींच्या शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे हे त्या बिचाऱ्यांना कळणार कसं? मी पडद्याआडून इंग्रजीतच विचारलं, "गाठ किती मोठी आहे?"

साबण खाली पडल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं.

"मी सांगणारच होतो तुला," घरी येताना टांग्यात तुमचे आजोबा म्हणाले.

"कधी?"

त्यांनी टांगेवाल्याला घोडा हळू हाकायला सांगितला.

वारा

ऑपरेशनचं वर्णन मी करणार नाही, कारण मी तिथे नव्हते. क्लोरोफॉर्मचा गोड घाणेरडा वास आणि नंतर घशाला पडलेली कोरड एवढंच आठवतं. आतड्याचा वीतभर तुकडा काढून दोन टोकं शिवली होती. शिवण टिकली की नाही हे एकाच गोष्टीवरून कळणार होतं, ते म्हणजे वारा सरतो की नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन तेवढंच विचारत. नर्स विचारे. तुमचा मधूमामा, जो माझ्यासमोर विडीचं नावसुद्धा काढत नाही, तो दारातून विचारे, "आई, झालं का काही?" ज्या दिवशी झालं त्या दिवशी तुमचे आजोबा, एवढे नामांकित वकील, व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांना जाऊन म्हणाले, "सरला!" आणि माझी नणंद रडायला लागली.

हसा तुम्ही. मीही हसले, आणि टाके दुखले.

घरी येताना डॉक्टर म्हणाले, "आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं. गाठ काढली आहे, पण ती कुठे बी टाकून गेली असेल तर लवकर कळलं पाहिजे." हे त्यांनी मराठीत आणि मला सांगितलं. मी मनात म्हटलं, चला, साबण पडल्याचा उपयोग झाला. पण ते तेवढ्यापुरतंच होतं.

बेळगावची मुलगी

पहिली तपासणी ठीक झाली. वजन केलं, डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त पाहिलं, पोट चेपलं, उजव्या बरगडीखाली बोटं घालून यकृत वाढलंय का पाहिलं. मग गुडघ्यावर ओणवं करून ती लांब, थंड नळी घातली. नळीच्या वेळी मी पाढे म्हणते, तेही उलटे. तुम्हालाही कधी उपयोगी पडेल.

दुसऱ्या तपासणीला तुमच्या आजोबांना कोर्टात काम होतं, म्हणून माझ्याबरोबर तुमची सुमित्रामामी आली. मामी बेळगावची. डॉक्टरांनी तिला माहेर विचारलं आणि दोघांची कानडी जी सुरू झाली, ती थांबेचना. मला त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही. परमुलखात आपल्या भाषेचं माणूस भेटलं की होतं असं.

पण तिसऱ्या तपासणीला, म्हणजे दिवाळीनंतर, डॉक्टरांनी माझ्या पोटावरच्या व्रणाजवळ एकाच जागी तीनदा बोटं दाबली. तीनदा. मग त्यांनी मला चोळी नीट करायला सांगितलं आणि पडद्याबाहेर जाऊन मामीशी बोलायला लागले. कानडीत. मामीच्या बोलण्यातला एरवीचा खळखळाट नव्हता. ती नुसती "हां, हां" करत होती.

"काय म्हणाले?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"काही नाही हो आई. त्यांच्या बहिणीचं लग्न आहे, त्याचं बोलत होते."

बहिणीच्या लग्नाला कोणी इतक्या हळू आवाजात "हां" म्हणत नाही.

तेव्हापासून घर माझ्यावर लक्ष ठेवून आहे असं मला वाटू लागलं, आणि मी घरावर लक्ष ठेवू लागले. सकाळी उठल्या उठल्या मी हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवून बघायची. त्या जिथे अडतात तिथे अडल्या तर ठीक. एखाद्या दिवशी बोटभर वर गेल्या की दिवस वाया. मग वाटे, बांगड्यांनाही काय विश्वासाचं धरायचं, सुमित्राने मोठ्या मापाच्या भरवल्या नसतील कशावरून? एकदा मी माझ्या चोळ्या उलट्या करून शिवणी तपासल्या. मी वाळते आहे हे कळू नये म्हणून तिने आतून टाच मारली असेल असं मला वाटलं होतं. टाच नव्हती. पण माझं समाधान झालं नाही. मला वाटलं, अजून मारायची आहे.

शौचाला गेल्यावर मी काय बघायची हे लिहिणार नाही, पण बघायची. कंदील घेऊन बघायची. तुम्हीही बघत चला.

चंद्रव्वाचा पाय

आपल्याकडे सकाळी दारात म्हैस आणून दूध पिळून देतात हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाहिलं आहे. ती म्हैस आणणारी चंद्रव्वा तुम्हाला आठवत असेल, तिने नंदूला कासंडीतून धारोष्ण दूध पाजलं होतं आणि तो ओकला होता. ती सीमेकडच्या खेड्यातली. माहेरची कानडी, सासरची कोल्हापुरी, आणि तिच्या बोलण्यात दोन्हींची भाजी. मी तिला म्हटलं, "चंद्रव्वा, मला कानडी शिकव."

"आता ह्या वयात? कुणासंगं बोलायचं हाय मास्तरीणबाई?"

"कोणाशी नाही. ऐकायचं आहे."

"आसं म्हणा की!" ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून हसली. "सुनंवर ध्यान ठेवायचंय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून ती धार काढता काढता शब्द सांगू लागली. हाल म्हणजे दूध, नीर म्हणजे पाणी, मनी म्हणजे घर. तिला जे समोर दिसे ते ती शिकवी, त्यामुळे शेण, दावं, शिंग आणि वासरू हे मला उत्तम येऊ लागलं. पौषात म्हशीने तिच्या पायावर पाय दिला आणि ती जखम चिघळली. रोज ती पाय वर करून दाखवी, "हुण्णु आगेदरी, मास्तरीणबाई, हुण्णु! लई ठणकतंय बगा." हुण्णु म्हणजे चिघळलेला व्रण. मी तिला बोरिक पावडर दिली आणि शब्द डोक्यात ठेवला. आजारी माणसाला याच जातीचे शब्द ऐकायला येणार, असा माझा हिशेब होता.

दिना, हुण्णु, तीन

शिमग्याच्या आधी चौथी तपासणी आली. डॉक्टरांनी व्रणाजवळ पुन्हा बोटं दाबली, या वेळी बराच वेळ. नळी घातली. मी सतराच्या पाढ्यावर होते. मग पडदा, हात धुणं आणि बाहेर कानडी.

मी श्वास धरून ऐकत होते. वाक्यं भराभर जात होती आणि त्यात मला एकही दावं किंवा शिंग सापडेना. डॉक्टरांचा आवाज मोठा होता, मामी मधेच हसली, ते मला खोटं वाटलं. आणि मग डॉक्टर एक वाक्य सावकाश, दोनदा बोलले. त्यातले तीन शब्द मी पकडले.

दिना. हुण्णु. तीन.

दिवस. व्रण. आणि तीन तर मराठीतलंच.

मी चोळीची गाठ मारत होते, ती मारायची राहिली. तीन दिवस तर नसतील, तीन महिने असतील. तीन आठवडेही असतील. मी बाहेर आले तेव्हा डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "छान आहे प्रकृती, बाई." आणि मामी म्हणाली, "चला आई, जाता जाता बाजारातून जाऊ."

बाजारात तिने पपई घेतली, अंजीर घेतले, चिकू आणि द्राक्षं घेतली. आपल्या घरी एवढी फळं एकादशीलासुद्धा येत नाहीत.

"हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी हो."

माझ्या माहेरी एक रीत होती. वैद्याने हात टेकले की आजाऱ्याचं पथ्य सोडवायचं आणि त्याला जे आवडेल ते खाऊ घालायचं. माझ्या वडिलांना शेवटच्या पंधरवड्यात रोज आंबा मिळत होता.

माझी पपई

नंदू, शरयू, तुम्हाला कधी जिवंतपणी आपलं घर आपल्यावाचून कसं दिसेल ते बघायची पाळी आली नसेल. मी ते पाहिलं. सगळे चांगले वागत होते. मधूमामा संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर माझ्याजवळ बसायला लागला, हा तोच मुलगा ज्याला मी दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नसे. सुमित्रा रोज सकाळी पपईच्या फोडी बशीत आणून ठेवी आणि संपेपर्यंत उभी राही.

"खाल्ली का सगळी?"

"खाल्ली."

"मग डॉक्टरांना बरं वाटेल."

त्या वाक्याचा मी अर्थ लावत बसे. मी बरी होईन, असं ती म्हणाली नाही. डॉक्टरांना बरं वाटेल, असं म्हणाली.

रात्री झोप येत नसे असं मी म्हणणार नाही, मी शिस्तीने झोपत असे. पण दुपारी रंकाळ्यावर फिरायला जाण्याचा जो नेम मी ऑपरेशननंतर धरला होता, तो मोडायला लागला. फिरायचं कशासाठी? तब्येत राखायची ती कोणासाठी? मी शालू वेगळे काढले, तुमच्या आईसाठी आणि सुमित्रासाठी. सुमित्रासाठी काढताना मला तिचा राग आला, तरीही चांगला शालू तिच्याच वाट्याला गेला, कारण तुमच्या आईला जांभळा रंग खुलत नाही.

चंद्रव्वाला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. "मास्तरीणबाई, आज त्वांड लई उतारलंय. फळं खाऊन कुणाचं त्वांड उतरतंय व्हय?"

"तुझा पाय कसा आहे?"

"बरा हाय की. माझं न्हाय इचारत म्या, तुमचं इचारतोय."

मग एका सकाळी तुमचे आजोबा चहा पिताना म्हणाले, "चैत्रात नृसिंहवाडीला जाऊन येऊ. तू, मी आणि सुमित्रा."

हे ते गृहस्थ, जे देवळाबाहेर चपला सांभाळायला थांबतात. ज्यांनी आपल्या लग्नाच्या सत्यनारायणाला ‘पोथीतल्या त्या साधुवाण्यावर फिर्याद करता आली असती’ असं म्हणून भटजींना सुनावलं होतं. ते वाडीला जायला निघाले. आता माझ्या मनात काही शंका उरली नाही.

पुजाऱ्यांनी ओळखलं

जयसिंगपूरपर्यंत आगगाडीने आणि पुढे टांग्याने गेलो. संगमावर पाणी उतरलं होतं, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. दत्ताच्या पादुकांपुढे आम्ही उभे राहिलो. एक वयस्कर पुजारी पुढे आले आणि तुमच्या आजोबांकडे पाहून म्हणाले, "या वकीलसाहेब! गेल्या दिवाळीत बोलून गेला होतात, तो नवसाचाच अभिषेक ना?"

तुमच्या आजोबांनी उपरणं उगाचच सारखं केलं.

दिवाळीनंतर ते एका दाव्यासाठी सांगलीला जातो म्हणून गेले होते. आल्यावर मी दाव्याचं विचारलं, तर म्हणाले होते, तारीख पडली.

अभिषेक झाला. मी प्रसाद घेतला, नमस्कार केला आणि घाटाच्या पायरीवर जाऊन बसले. ते दोघे माझ्यामागोमाग आले.

"बसा," मी म्हटलं. "आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांची उलटतपासणी घेतलीत. आज माझी पाळी. दिवाळीनंतर सांगलीला गेला होतात का?"

"मी... वाटेत..."

"हो की नाही?"

"नाही. इथे आलो होतो."

"कशासाठी?"

ते नदीकडे पाहत होते. सुमित्राच रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, दिवाळीच्या वेळी डॉक्टरांना तुमच्या व्रणाजवळ काहीतरी कठीण लागलं होतं. ते म्हणाले, परत आलंय की काय सांगता येत नाही, तीन महिने थांबून पाहू. तुम्हाला सांगू नका म्हणाले. मी मामंजींना सांगितलं."

"आणि मामंजींनी दत्ताला सांगितलं," मी म्हटलं. "मला सोडून सगळ्यांना माहीत."

"पण ते काही निघालं नाही," तुमचे आजोबा घाईघाईने म्हणाले. "शिमग्याच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या टाक्याभोवतीचं मांस घट्ट झालंय, एवढंच. काही नाही ते. म्हणून तर नवस फेडायला आलो."

"काही नाही?" माझा आवाज चढला असावा, कारण शेजारी कपडे धुणारी बाई थांबून पाहू लागली. "मग हुण्णु म्हणजे काय? तीन दिवस कसले?"

"कसलं हुण्णु?" सुमित्रा म्हणाली.

"मला फसवू नकोस. मी शिकले आहे कानडी. पडद्याआडून ऐकलं मी. दिना, हुण्णु, तीन. डॉक्टर दोनदा म्हणाले."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, तिने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं असावं. आणि मग ती पदर तोंडाला लावून पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.

"आई! हुण्णु नाही हो, हण्णु! हण्णु! फळ! ‘दिना हण्णु तिन्नलि’, म्हणजे रोज फळं खाऊ देत! तिन्नलि म्हणजे खाऊ देत! तुमचं पोट साफ राहावं म्हणून सांगितलं त्यांनी, मी विसरेन म्हणून दोनदा सांगितलं!"

तुमचे आजोबाही हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि कपडे धुणाऱ्या बाईने तांब्याभर पाणी आणून दिलं. "काय झालं ओ पावणं?" तिने विचारलं.

"काही नाही बाई," ते म्हणाले. "हिने दीड महिना मरणाची पपई खाल्ली."

मी हसले नाही. म्हणजे पुढे टांग्यात हसले, पण तिथे नाही. शब्द मी चुकीचा ऐकला होता, हे कबूल. पण व्रणाजवळ तीनदा दाबलेली बोटं मी चुकीची मोजली नव्हती. मामीचा हळू "हां" चुकीचा ऐकला नव्हता. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हे दोघे माझ्या शरीराबद्दल एक गोष्ट जाणत होते आणि मला मात्र डॉक्टरांच्या बहिणीचं लग्न सांगितलं होतं.

"पुन्हा असं झालं तर?" मी विचारलं. "पुढच्या वेळी ते खरंच परत आलं तर? मला कोण सांगणार आहे? पुजारी?"

परत येताना सुमित्राने माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला नाही.

करार

पुढच्या आठवड्यात मी दोघांना घेऊन दवाखान्यात गेले. तपासणीची वेळ नव्हती. डॉक्टरांसमोर तिघे बसलो.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, नळीत काय दिसतं, हाताला काय लागतं, ते आधी मला सांगायचं. मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा. घरी काय सांगायचं ते मी बघेन."

त्यांनी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. "वकीलसाहेब, तुमचं काय म्हणणं आहे?"

"बघा," मी म्हटलं, "परत त्यांनाच विचारलंत."

डॉक्टर लालबुंद झाले. मग म्हणाले, "बाई, मला सवय नाही तशी. पेशंट खचतात. बायका तर फारच घाबरतात."

"मीही घाबरते. सांगितलंत तर एकदा घाबरेन. नाही सांगितलंत तर रोज घाबरते, आणि पपईलाही घाबरते."

पपईचं त्यांना कळलं नाही. सुमित्राने त्यांना कानडीत सांगितलं. मी तेवढ्यापुरती परवानगी दिली. ते टेबलावर हात आपटून हसले, आणि हसणं थांबल्यावर म्हणाले, "ठीक आहे. तुम्हालाच सांगेन. पण मग तुम्हाला ऐकावंही लागेल."

तेव्हापासून मी तपासणीला एकटी आत जाते. सहा महिन्यांनी एकदा. मधे मिरजेला जाऊन खडूसारखं पांढरं औषध आतड्यात भरून फोटोही काढून आले. रंकाळ्यावर फिरणं पुन्हा सुरू केलं, ठेचा बंद, कोंडा न काढलेल्या पिठाची भाकरी, आणि फळं. फळं मी आता खाते, पण पपई नाही.

माझा संशय गेला का? नाही. अजूनही बांगड्या वर सरकवून पाहते. ढेकर वेगळी आली तरी कान टवकारते. मात्र आता संशय फक्त माझ्या पोटाचा येतो, जेवायला वाढणाऱ्यांचा येत नाही. हा फार मोठा आराम आहे.

बाकावर

शेवटचं सांगते. गेल्या श्रावणात डॉक्टरांना नळीतून एक लहानसा मांसाचा कोंब दिसला. तो त्यांनी पुढे जाळून टाकला आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवला, तो साधा निघाला. तुम्ही घाबरू नये म्हणून हे आधीच लिहिलं. पण ज्या दिवशी तो दिसला त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी मला साडी सारखी करू दिली, खुर्चीत बसवलं, स्वतःही बसले. त्यांनी मराठीत सांगितलं. जिथे जोड दिला आहे त्याच्या थोडं वर. मटाराएवढा. साधा असू शकतो, नसूही शकतो. गुरुवारी जाळू, मग दोन-तीन आठवडे उत्तराची वाट. ते कुठलाही शब्द गिळत नव्हते. मी वचन मागून घेतलं होतं आणि ते पाळत होते, आणि मला वाटलं, कशाला मागितलं हे.

बाहेर व्हरांड्यात बाकावर तुमचे आजोबा बसले होते. आता ते थकले आहेत, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. मला पाहून ते उठले. "काय म्हणाले?"

‘काही नाही’ हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. किती सोपे होते ते. ते जेवले असते, दुपारी झोपले असते, गुरुवारपर्यंत त्यांचं रक्त शांत राहिलं असतं. त्या दिवाळीनंतरच्या तपासणीला सुमित्रा ज्या जागी होती त्या जागी आता मी होते. कोणी लपवतं ते दुष्टपणाने लपवत नाही, हे मला तेव्हा समजलं, आणि तरी लपवायचं नाही हेही.

मी त्यांना बसवलं आणि शेजारी बसून सगळं सांगितलं. मटाराएवढा. साधा असेल, नसेलही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. व्हरांड्यात चार माणसं होती, ठेवला तरीही.

ते म्हणाले, "मग आता काय करायचं?"

आमच्या लग्नाला तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती. माझ्या बाळंतपणांत, आजारपणांत, ऑपरेशनात हा प्रश्न त्यांनी वैद्यांना विचारला, डॉक्टरांना विचारला, दत्तालाही विचारला. मला तो पहिल्यांदाच विचारला होता.

"गुरुवारी जाळून घ्यायचं," मी म्हटलं, "आणि आत्ता घरी जायचं. मला भूक लागली आहे."